छोट्या गावावर संशोधन कसं करायचं? खुलताबादचं उदाहरण

पेट पास झालात, गाईड मिळाले आणि आता विषय शोधताय? मग हा विचार तुमच्याही डोक्यात येऊन गेला असेल: आपल्याच भागातल्या एखाद्या तालुक्याच्या गावावर करू, जवळ आहे, माणसं ओळखीची आहेत, खर्चही कमी. विचार चांगलाच आहे. फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवते. छोटं गाव म्हणजे सोपा विषय नव्हे. मोठ्या शहरावर ढीगभर पुस्तकं असतात, त्यामुळे काय विचारायचं ते निदान कळतं. छोट्या गावाच्या बाबतीत प्रश्नही आपणच तयार करावे लागतात.

माझा पहिला सिनॉप्सिस खुलताबादवर होता. बारा पानं लिहिली होती. कोणाची कबर कुठे, कोण कधी वारलं, घुमट कोणत्या पद्धतीचा, सगळं व्यवस्थित. मॅडमनी तो वाचला आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली: "यात गाव कुठे आहे?"

तेव्हा राग आला. आज वाटतं, त्या एका ओळीनं माझी दोन वर्षं वाचवली. तो प्रश्न सुटा करत करत मी चार लहान प्रश्नांपर्यंत आले. हे चार प्रश्न कन्नडला, सोयगावला, वैजापूरला, तुमच्या कुठल्याही गावाला लावता येतील. आपण ते खुलताबादला लावून बघू.

आधी गाव डोळ्यांसमोर आणा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालात की आधी दौलताबादचा किल्ला लागतो. किल्ला मागे टाकला की रस्ता घाट चढायला लागतो. घाट संपून वर सपाटी लागते, तिथं खुलताबाद. गाव ओलांडून पलीकडे उतरलात की चार-पाच किलोमीटरवर वेरूळची लेणी. शहरापासून खुलताबादचं अंतर साधारण पंचवीस किलोमीटर. तहसील कार्यालय आहे, नगर परिषद आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंधरा हजारांच्या वर. म्हणजे आकारानं लहानच.

पण या लहान गावाच्या हद्दीत आणि आसपास काय काय आहे बघा. चौदाव्या शतकातले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे. १७०७ साली वारलेल्या औरंगजेबाची कबर. १६२६ साली वारलेल्या मलिक अंबरचा मकबरा. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान तानाशाह इथंच पुरलेला, आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजामही इथंच. शिवाय निद्रावस्थेतला भद्रा मारुती, ज्याच्या दर्शनाला श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून लोक रात्रभर चालत येतात. जवळच सुलीभंजन, जिथं संत एकनाथांनी तप केल्याची परंपरा सांगितली जाते. तालुक्यातच वेरूळ, घृष्णेश्वर आणि म्हैसमाळ.

यादी भरगच्च आहे, आणि इथंच आपण फसतो. यादी म्हणजे संशोधन नाही. माझी बारा पानं म्हणजे हीच यादी होती, जरा सजवलेली.

प्रश्न पहिला: हे गाव इथंच का?

इतिहासाचा विद्यार्थी असलात तरी सुरुवात नकाशापासून करा. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट समोर घ्या आणि समोच्च रेषांवरून बोट फिरवा. खुलताबादच्या आजूबाजूला त्या रेषा एकमेकींना चिकटतात, म्हणजे कडा तीव्र आहे. गावाशी आल्यावर त्या विरळ होतात, म्हणजे वर सपाटी आहे. हा सगळा लाव्हापासून बनलेला बेसाल्ट, एकावर एक थर रचलेले. त्याच डोंगराच्या पश्चिमेकडच्या उतारात वेरूळची लेणी कोरली गेली, आणि माथ्यावर खुलताबाद बसलं. लेणी आणि दर्गे आपण दोन वेगळ्या प्रकरणांत शिकतो. पायाखालचा डोंगर मात्र एकच आहे.

आता पाणी. याच डोंगररांगेतून येळगंगा वेरूळकडे उतरते आणि लेण्यांसमोर पावसाळ्यात धबधबा होऊन कोसळते. गिरजा नदी दुसऱ्या अंगाला पूर्णेकडे जाते. माथ्यावर पाऊस पडतो, पण उतारामुळे थांबत नाही. म्हणून वर राहायचं तर पाणी अडवावं लागतं. सुलीभंजनजवळचा पऱ्यांचा तलाव, गावातले हौद आणि विहिरी यांच्याकडे केवळ 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून बघू नका. माणसं वर टिकली कशी, याचं उत्तर तिथं आहे.

मग वस्ती मुळात वर का गेली? कारण खाली राजधानी होती. देवगिरी हे यादवांचं ठाणं. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं आपली राजधानी तिथं आणली आणि दौलताबाद नाव रूढ झालं. दिल्लीहून जी माणसं दख्खनेत आली, त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीबही होते. १३३७ साली ते वारले आणि या डोंगरावर त्यांचं दफन झालं. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी १३६९ साली वारले, तेही इथंच. खाली किल्ला, बाजार, फौज. वर शांतता, उपासना आणि कबरी. गावाचं जुनं नाव 'रौजा'. या शब्दाचा मूळ अर्थ बाग, आणि पुढे पवित्र समाधीस्थळ.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं: खुलताबाद हे दौलताबादचं वरचं अंग आहे. खालच्या शहराशिवाय वरचं गाव समजत नाही. तुमच्याही गावाबाबत हेच करून बघा. शेजारचं मोठं ठाणं कोणतं, आणि मधली चढण कोणती?

प्रश्न दुसरा: या गावाला पोसत कोण होतं?

राजधानी निघून जाते. तुघलक काही वर्षांत दिल्लीला परतला. १३४७ साली बहमनी राज्य दौलताबादेत उभं राहिलं आणि राजधानी लगेच गुलबर्ग्याला हलली. खालच्या शहराचं महत्त्व वरखाली होत राहिलं, पण वरचं गाव टिकलं. कशावर टिकलं?

इथं 'श्रद्धेवर' असं उत्तर लिहून मोकळं होऊ नका. श्रद्धा खरीच आहे, पण दिव्यात तेल कोणी घातलं, लंगरसाठी धान्य कुठून आलं, भिंत ढासळली तर मजुरी कोणी दिली, हे विचारा. उत्तर जमिनीत सापडतं. राज्यकर्ते दर्ग्यांना, मशिदींना आणि देवळांना जमिनी आणि गावांचा महसूल इनाम देत. मराठवाड्यातल्या महसुली दप्तरात तुम्हाला दोन शब्द सारखे भेटतील: मदतमाश आणि खिदमतमाश. मदतमाश म्हणजे एखाद्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे धार्मिक स्थळाची सेवा करण्याच्या बदल्यात दिलेली. हैदराबाद राज्यात १९५४ साली इनामं रद्द करण्याचा कायदा झाला, तरी या जमिनींचे वाद आजही तहसीलपासून कोर्टापर्यंत चालू असतात. थोडक्यात, चौदाव्या शतकाचा धागा आजच्या सातबाऱ्यापर्यंत येतो. हा धागा धरणं म्हणजे संशोधन.

दुसरा पुरावा गावाच्या तटबंदीत आहे. गॅझेटियर सांगतं की ही भिंत औरंगजेबानं बांधवली. त्यात वेशींची नावं दिली आहेत: नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी आळी, हमदादी, आणि आझमशाही नावाची एक खिडकी, म्हणजे छोटा दरवाजा. या नावांवर जरा थांबा. मंगळपेठ म्हणजे तिथं पेठ असली पाहिजे, खरेदी-विक्री असली पाहिजे. कुणबी आळी म्हणजे तिथं शेतकऱ्यांची वस्ती. इंग्रजी गॅझेटियरमध्ये हे नाव रोमन अक्षरांत येतं, आणि बाहेरचा अभ्यासक तिथं 'अली' वाचून ते एखाद्या माणसाचं नाव समजू शकतो. मराठी कानाला मात्र ती 'आळी' ऐकू येते. माझं वाचन हेच आहे. मराठी येत असल्यानं तुम्हाला मिळणारा फायदा तो हाच, आणि तो वाया घालवू नका.

तिसरा पुरावा गावाबाहेर आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा लागतो. हातकागद बनवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. दरबार म्हटला की फर्मानं आली, हिशेब आले. खानकाह म्हटली की ग्रंथांच्या नकला आल्या. या सगळ्याला कागद लागतो. राजे, संत आणि कबरी यांच्या यादीत हा कागदी कधीच येत नाही, पण त्याच्याशिवाय यादी लिहिलीच गेली नसती.

मॅडमचा प्रश्न आठवतो ना, यात गाव कुठे आहे? गाव इथं आहे: पेठेत, कुणब्यांच्या आळीत, कागजीपुऱ्यात.

प्रश्न तिसरा: गावाचं नाव काय आणि ते कोणाच्या हद्दीत होतं?

हा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. चुकलात तर साधनंच सापडणार नाहीत.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला. त्याचं दफन जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात झालं. मृत्यूनंतर त्याला 'खुल्द-मकाँ' हा किताब मिळाला. खुल्द म्हणजे चिरंतन, स्वर्ग, आणि खुल्द-मकाँ म्हणजे ज्याचं निवासस्थान स्वर्ग आहे असा. त्यावरून रौजाचं खुल्दाबाद झालं आणि मराठी बोलण्यात खुलताबाद. म्हणजे मलिक अंबरच्या काळाबद्दल वाचताना 'खुलताबाद' हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथं रौजा शोधावं लागेल. त्यातही स्पेलिंगचा घोळ: रौजा, रोजा, रौझा, खुल्दाबाद, खुलदाबाद, खुलताबाद. हल्ली 'रत्नपूर' या नावाची मागणीही ऐकू येते. वहीच्या पहिल्याच पानावर सगळी रूपं लिहून ठेवा आणि प्रत्येक रूपानं वेगळं शोधा. जिल्ह्याचंही तसंच. २०२३ पासून जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, पण त्याआधीची जवळपास सगळी दप्तरं 'औरंगाबाद' या नावाखाली लावलेली आहेत. आज तुम्ही लिहिताना कोणतं नाव वापरता हा एक प्रश्न, आणि कपाटावर कोणतं नाव चिकटवलंय हा दुसरा.

आता हद्द. खुलताबाद निजामाच्या राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते भारतातल्या हैदराबाद राज्यात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे बारा वर्षांत गाव जागचं हललं नाही, पण वरचं सरकार तीनदा बदललं. याचा अर्थ तुमची साधनं तीन ठिकाणी पांगली आहेत: जुनं दप्तर हैदराबादला, मधलं काही मुंबईला, आणि रोजचं महसुली दप्तर जिल्ह्यात आणि तहसीलला. भाषाही तशाच बदलतात. आधी फारसी, मग उर्दू, मग मराठी.

औरंगाबाद जिल्ह्याच्या जुन्या नोंदींत खुलताबाद 'महाल' म्हणून दिसतं. महाल म्हणजे तालुक्यापेक्षा लहान महसुली घटक, त्यावर महालकरी. पुढे तो तालुका झाला. तालुक्याच्या हद्दीही हलत्या असतात हे विसरू नका. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा औरंगाबाद जिल्हा लहान झाला. त्यामुळे १९७१ आणि १९९१ च्या जनगणनेतले जिल्ह्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवून 'लोकसंख्या अशी वाढली' असं लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्याच तक्त्यावर येईल. आधी हद्द जुळवा, मग आकडे.

आणि एक साधी गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास झाला. तो डोंगराच्या खालून गेला आणि स्टेशन दौलताबादला आलं. घाटावरच्या खुलताबादला रेल्वे नाहीच. तालुक्याची कचेरी असूनही हे गाव मोठी बाजारपेठ का झालं नाही, या प्रश्नात हा उतार, ही रेल्वे आणि पंचवीस किलोमीटरवरचं शहर, तिन्ही धरावे लागतात.

प्रश्न चौथा: सांगणारा कोण, आणि तो कधी सांगतोय?

हा सगळ्यात महत्त्वाचा. एक उदाहरण देते, कारण मी स्वतः यात अडकले होते.

फरिश्ता हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा इतिहासकार. तो सांगतो की खानदेशच्या नासिर खान फारुकीनं असीरगड घेतला, तेव्हा शेख जैनुद्दीन दौलताबादहून त्याच्या भेटीला गेले. सुलतानानं काय देऊ म्हणून विचारलं, तर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. तापीच्या काठी शहर वसव आणि त्याला माझ्या गुरूंचं नाव दे, एवढंच म्हणाले. त्यातून बुऱ्हाणपूर वसलं, आणि नदीपलीकडे जैनाबाद.

गोष्ट सुंदर आहे. मी ती जशीच्या तशी लिहिलीही होती. मग तारखा शेजारी मांडल्या. जैनुद्दीन वारले १३६९ ला. नासिर खान गादीवर आला १३९९ ला. तीस वर्षांचा फरक. भेट होणंच शक्य नाही.

मग ही गोष्ट फेकून द्यायची का? अजिबात नाही. खरा मुद्दा इथंच सुरू होतो. बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही नावं खरीच या दोन संतांवरून आहेत. म्हणजे खानदेशच्या सुलतानांना या डोंगरावरच्या दर्ग्यांशी आपलं नातं सांगायचं होतं. भेट घडली नाही, पण ती घडली होती असं मानण्याची गरज कोणाला तरी वाटली. ती गरज हा इतिहासाचा पुरावा आहे, फक्त १३६९ च्या इतिहासाचा नाही, नंतरच्या.

संतांबद्दलच्या साधनांत दोन थर असतात. एक, मल्फुजात, म्हणजे शिष्यांनी टिपून ठेवलेली गुरूंची बोलणी. बुऱ्हाणुद्दीन गरीबांची अशी बोलणी रुक्नुद्दीन काशानी यांच्या 'नफाइसुल अन्फास' आणि हम्माद काशानी यांच्या 'अहसनुल अक्वाल' या ग्रंथांत आहेत. दुसरा थर नंतरच्या चरित्रांचा. आझाद बिलग्रामी यांनी अठराव्या शतकात 'रौजतुल औलिया' हा ग्रंथ इथल्या संतांवर लिहिला, आणि पुढे स्वतः त्यांचंही दफन इथंच झालं. कार्ल अर्न्स्ट या अभ्यासकानं १९९२ च्या 'इटर्नल गार्डन' या पुस्तकात हे थर वेगळे करून दाखवले. तलवार घेऊन आलेल्या संतांच्या कथा समकालीन ग्रंथांपेक्षा नंतरच्या लिखाणात कशा फुलतात, हे त्यातून कळतं. खुलताबादवर काम करणार असाल तर हे पुस्तक आधी वाचा. दुसऱ्या गावावर करणार असाल तरी पद्धत शिकण्यासाठी वाचा.

हे सगळं कशासाठी?

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला. काही आठवडे खुलताबाद रोज टीव्हीवर होतं. गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी, पण पडद्यावर दिसायची ती एकच कबर, आणि एक बॅरिकेड. ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही त्यांच्या मनात आता गावाचं चित्र तेवढंच उरलंय.

त्या दिवसांत मला माझी बारा पानं आठवली आणि थोडी शरम वाटली. चॅनलवाल्यांना एक कबर दिसली, मला वीस दिसल्या होत्या. फरक एवढाच. गाव त्यांनाही दिसलं नव्हतं, मलाही नाही.

संशोधकाचं काम वादात बाजू घेण्याआधी सुरू होतं. एका जागेवर किती थर आहेत हे पुराव्यासह मांडायचं, म्हणजे पुढे जो कोणी बोलेल त्याला निदान कळेल की आपण काय वगळतोय. भद्रा मारुतीला चालत येणारी माणसं, उरुसात दुकान मांडणारी माणसं, तहसीलला सातबारा काढायला आलेला सुलीभंजनचा शेतकरी, सगळे त्याच घाटाच्या रस्त्यानं येतात.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

पहिल्या महिन्यात एवढं करा:

१. टोपोशीट मिळवा आणि गावातून चारही दिशांनी पायी निघा. चढ कुठे लागतो, पाणी कुठे थांबतं, जुनी फरसबंदी कुठे दिसते, हे वहीत लिहा.

२. नावांची यादी करा: गावाची, वेशींची, गल्ल्यांची, शेतांची. म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते म्हणतात तसंच लिहा, शुद्ध करू नका.

३. १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर आणि १९७७ चं जिल्हा गॅझेटियर शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यानं पहिल्याचं काय उचललं आणि काय गाळलं ते टिपा.

४. जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या, पण आकडा उतरवण्याआधी त्या वर्षीची तालुक्याची हद्द तपासा.

५. तहसीलमध्ये १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक बघायची परवानगी मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि दोन-तीन खेपा होणारच हे धरून चला.

६. उर्दू लिपी शिका. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, आणि मराठवाड्यावर काम करायचं तर तिला पर्याय नाही. मोडी येत असेल तर आणखी बरं.

७. प्रत्येक गोष्टीपुढे दोन तारखा लिहा: घटना कधीची, आणि ती लिहिली कधी. माझी नासिर खानाची चूक या एका सवयीनं पकडली गेली.

माझा दुसरा सिनॉप्सिस सात पानांचा झाला. त्यात औरंगजेबाला एक परिच्छेद होता आणि वेशींना दोन पानं. या वेळी मॅडमनी पेन्सिल उचलली नाही. एवढंच विचारलं, "कुणबी आळीत आज कोण राहतं, बघून आलीस का?"

मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली.